वाचक विचारतात : तळघरात सुरू झालेलं हायस्कूल

गेल्या अंकात रक्तपेढ्यांवर लिहिताना, त्या उभारण्यात मोठा वाटा असलेले काळे अमेरिकन सर्जन डॉ. चार्ल्स ड्रू यांच्या शाळेचा एका ओळीत उल्लेख केला होता : वॉशिंग्टन शहराच्या मध्यवस्तीतलं डनबार हायस्कूल, फक्त काळ्या मुलांसाठी चालवलेलं सरकारी हायस्कूल. पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्या एका ओळीवर. रक्ताबद्दल कुणाला काही विचारायचं नव्हतं! तेव्हा या वेळचं पान शाळेलाच देतो.

ज्या काळात काळ्यांना गोऱ्यांच्या शाळेत पाऊल ठेवता येत नव्हतं, त्या काळात एका सरकारी शाळेतून इतकी मोठी माणसं निघाली कशी? अभ्यासक्रम काही खास होता का? (एक निवृत्त मुख्याध्यापिका, नागपूर)

बाई, अभ्यासक्रम त्या काळच्या कुठल्याही चांगल्या हायस्कूलसारखाच होता : लॅटिन, गणित, इतिहास, इंग्रजी. खरी गंमत स्टाफरूममध्ये होती.

शाळा सुरू झाली 1870 मध्ये, फिफ्टीन्थ स्ट्रीटवरच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या तळघरात. गुलामगिरी कायद्यानं संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. काळ्या मुलांसाठीचं ते देशातलं पहिलं सरकारी हायस्कूल. लवकरच मेरी जेन पॅटर्सन तिथे मुख्याध्यापिका झाल्या. अमेरिकेत बी. ए. झालेली पहिली काळी स्त्री म्हणजे याच, 1862 च्या पदवीधर. मध्ये एक वर्ष रिचर्ड ग्रीनर यांनी कारभार पाहिला. हार्वर्ड कॉलेजची पदवी मिळवणारे ते पहिले काळे विद्यार्थी. तळघरातल्या शाळेला असे दोन मुख्याध्यापक लाभले!

कारण सरळ आहे. पदव्या होत्या, पण विद्यापीठांची दारं बंद होती. गोऱ्यांच्या कॉलेजात काळ्या प्राध्यापकाला कोण घेणार? वॉशिंग्टनचा कारभार थेट काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, असल्यामुळे तिथल्या काळ्या शिक्षकांना गोऱ्यांच्या बरोबरीनं पगार मिळे. दक्षिणेत तेव्हा ही गोष्ट कुणाच्या स्वप्नातही नव्हती. मग देशभरातली हुशार माणसं तिथे येऊन ठाण मांडत. 1921 मध्ये अमेरिकेत पहिल्यांदाच काळ्या स्त्रियांना पीएच. डी. मिळाली, एकाच वर्षी तिघींना, आणि तिघींचा या शाळेशी संबंध होता. सॅडी अलेक्झांडर इथल्या विद्यार्थिनी, ईव्हा डाइक्स इथे शिकल्या आणि इथेच शिकवूही लागल्या, तर जॉर्जियाना सिम्पसन शिकागोहून जर्मन भाषेतली डॉक्टरेट घेऊन परत शाळेच्या वर्गावरच उभ्या राहिल्या. हार्वर्डचे डॉक्टरेट कार्टर वुडसन, काळ्यांच्या इतिहासलेखनाचा पाया घालणारे, तेही इथे मुलांच्या वह्या तपासत होते. चौदा वर्षांच्या पोराला असा मास्तर मिळाला तर पुढचं आपोआप होतं.

1891 मध्ये एम स्ट्रीटवर स्वतंत्र इमारत मिळाली आणि शाळेला तेच नाव पडलं. 1899 मध्ये शहरातल्या हायस्कूलांची परीक्षा घेतली, तेव्हा एम स्ट्रीटच्या मुलांनी गोऱ्यांच्या तीनपैकी दोन शाळांना मागे टाकलं. 1916 मध्ये आणखी मोठी इमारत झाली आणि कवी पॉल लॉरेन्स डनबार यांचं नाव शाळेला दिलं गेलं.

ॲना कूपर यांना मुख्याध्यापकपदावरून काढलं, असं वाचलं. त्यांचा गुन्हा काय? (एम. ए.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

मुलांना फार शिकवलं, हा!

कूपरबाई 1858 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात गुलाम म्हणून जन्मल्या. 1902 मध्ये एम स्ट्रीटच्या मुख्याध्यापिका झाल्या. तेव्हा काळ्यांच्या शिक्षणावरून मोठा वाद पेटला होता. काळ्यांचे एक पुढारी, शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन यांचं म्हणणं, आधी हातात कसब येऊ द्या, सुतारकाम, लोहारकाम, शेती. दुसरे पुढारी, समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस यांना हे अपुरं वाटे; निदान हुशार मुलांना तरी उच्च शिक्षण मिळालंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. बाई ठामपणे दुसऱ्या बाजूच्या. काळ्या मुलांना लॅटिन कशाला, हलका अभ्यासक्रम द्या, असा दबाव वरून येत होता आणि बाई मुलं थेट हार्वर्ड, ब्राउन अशा विद्यापीठांत धाडत होत्या. शिस्त, कारभार, खासगी चारित्र्य यावर कुजबुज उठवली गेली आणि 1906 मध्ये शहराच्या शिक्षण मंडळानं त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. चारित्र्याचं हत्यार बायकांवर सगळीकडेच चालतं, तेव्हा त्यावर वेगळं काय लिहू?

मला त्यांचा पुढचा भाग जास्त आवडतो. चार वर्षं मिसुरीत शिकवून 1910 मध्ये त्या त्याच शाळेत परतल्या, साध्या लॅटिनच्या शिक्षिका म्हणून. सावत्र भावाची पाच नातवंडं वाढवायला घरी आणली. ते सांभाळत डॉक्टरेटचा अभ्यास चालू ठेवला आणि 1925 मध्ये, पासष्टी उलटल्यावर, पॅरिसच्या सोरबॉनची पदवी घेतली. विषय होता फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात गुलामगिरीकडे बघण्याची फ्रान्सची दृष्टी. प्रबंधही फ्रेंचमध्ये. 1964 मध्ये गेल्या तेव्हा वय 105.

डॉ. ड्रू अपघातात जखमी झाले आणि गोऱ्यांच्या हॉस्पिटलनं त्यांना दाखल करून न घेतल्यानं ते गेले. रक्ताच्या माणसाला रक्त मिळालं नाही, हे खरं ना? (एक डॉक्टर वाचक, पुणे)

नाही. 1 एप्रिल 1950 ला नॉर्थ कॅरोलायनात बर्लिंग्टनजवळ गाडी उलटली. त्यांना जवळच्या हॉस्पिटलात नेलं, तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी शर्थ केली, पण जखमाच जीवघेण्या होत्या. गाडीत बरोबर असलेल्या काळ्या सहकारी डॉक्टरनंही हेच सांगितलं आहे. अन्याय झाला तो वेगळाच होता : युद्धकाळात अमेरिकन रेडक्रॉस काळ्यांचं रक्त वेगळं साठवत होती, आणि हे निव्वळ अडाणीपणाचं आहे असं ड्रू उघड म्हणत होते.

विभक्त शाळा बंद झाल्या आणि डनबारचं वैभव गेलं, असा लेख पाहिला. म्हणजे जुनी व्यवस्थाच बरी होती असं समजायचं का? (एक वाचक, नाशिक)

असं समजू नका. हा निष्कर्ष ज्यांना काढायचा असतो, ते हा लेख फार आवडीनं पुढे पाठवतात.

1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवल्या; वॉशिंग्टनपुरता स्वतंत्र निकाल दिला, बोलिंग विरुद्ध शार्प. त्या लढ्याची सुरुवातीची कायदेशीर बाजू ज्यांनी सांभाळली ते चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन एम स्ट्रीटचेच. विभक्त शाळा मोडायला निघालेला वकील विभक्त शाळेतच घडलेला. ती शाळा काय दर्जाची होती हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, तरी ते लढले.

निकालापर्यंत शहरभरातून अभ्यासू मुलं डनबारला येत. नंतर मुलानं आपल्या वस्तीच्या शाळेत जायचं ठरलं आणि डनबारची वस्ती गरिबांची. सुस्थितीतली काळी कुटुंबं इतरत्र राहायला जाऊ लागली. ज्या पदवीधराला पूर्वी शाळेखेरीज जागा नव्हती त्याला आता विद्यापीठं आणि सरकारी खाती मोकळी झाली. शाळेत जे आलं होतं ते अडवलेलं पाणी होतं. बांध फुटला, पाणी गेलं. त्यात वाईट वाटण्यासारखं शाळेपुरतं खूप आहे, समाजापुरतं नाही. वाईट झालं ते हे की नव्यानं आलेल्या गरीब मुलांसाठी तसा स्टाफ, तसा आग्रह कुणी पुन्हा उभा केला नाही.

आणि जुनं डनबारही सगळ्यांचं नव्हतं. उजळ कांतीच्या, खात्यापित्या घरांचा तिथे वरचष्मा आहे, ही तक्रार काळ्या समाजातूनच होत असे. आठवणी सांगणारे माजी विद्यार्थी यावर चटकन पुढे सरकतात.

मी टपाल तिकिटं जमवतो. या शाळेवर एखादं पान लावता येईल का? (एक वाचक, सांगली)

भरगच्च लागेल. खुद्द डनबार 1975, ड्रू 1981, वुडसन 1984. अमेरिकन सैन्यातले पहिले काळे जनरल बेंजामिन डेव्हिस (थोरले) 1997, तेही एम स्ट्रीटचे. कूपरबाई 2009. त्याच वर्षीच्या नागरी हक्कांच्या संचात ह्यूस्टन आहेत, पण एका तिकिटावर दोघं असल्यानं शेजारी वॉल्टर व्हाइट येतील, त्यांचा शाळेशी संबंध नाही. त्याच संचात मेरी चर्च टेरेल आहेत, त्या इथे शिकवत. जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांचं 1986 चं तिकीट देखणं आहे, मोह होईल. पण ते शेजारच्या आर्मस्ट्राँगचे, म्हणजे हातात कसब देणाऱ्या शाळेचे. त्यांना वेगळं पान करा.