आंटोन ग्राफला स्विस चित्रकार म्हणायचं की जर्मन? आणि तो खरंच कलाशिक्षक होता का?

जन्माने तो स्विस, पण कारकीर्द जवळजवळ सगळी जर्मनीत; आणि हो, तो शिकवायचाही. १७३६ साली स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरमध्ये जन्म आणि तिथेच योहान उलरिख शेलेनबर्गकडे पहिले धडे. पुढे आउग्सबुर्ग, आणि १७६६ मध्ये ड्रेस्डेनच्या दरबारात चित्रकार म्हणून नेमणूक. शेवटपर्यंत तो त्याच शहरात राहिला (मृत्यू १८१३). तिथल्या कला अकादमीशी तो तेव्हापासूनच जोडलेला होता, १७८९ मध्ये व्यक्तिचित्रणाचा प्राध्यापक झाला. जर्मन चित्रकार फिलिप ओटो रुंगेलाही त्याचं मार्गदर्शन मिळालं.

त्याची खरी ताकद चेहऱ्यात, विशेषतः डोळ्यांत दिसते. लेसिंग, शिलर ही जर्मन साहित्यिक मंडळी आज आपल्या डोळ्यांसमोर येतात ती बरीचशी ग्राफमुळेच. शिलरचं चित्र १७८६ ला सुरू होऊन १७९१ ला पुरं झालं, कारण कवी एका जागी स्थिर बसेना! एक मात्र ध्यानात ठेवा: प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याचं १७८१चं गाजलेलं चित्र राजाला समोर बसवून काढलेलं नाही, असंच सहसा मानलं जातं. त्यामुळे शिलरच्या चित्राइतकं ते 'प्रत्यक्षावरून' आहे असं धरू नका.