नोव्हेंबरात जन्मलेला फॉरवर्ड

प्रश्न: आम्ही मूळचे सांगलीचे. गेली अकरा वर्षं स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला लागून असलेल्या मोल्नडालमध्ये राहतो. मुलगा नववीत आहे, येत्या नोव्हेंबरात पंधरा पूर्ण होतील. सात वर्षांचा असल्यापासून आइस हॉकी खेळतो, राइट विंगवर, म्हणजे उजव्या बाजूचा फॉरवर्ड. यंदा टीव्ही-पुकेनसाठी जिल्ह्याच्या संघात त्याची निवड झाली नाही. त्याच सुमारास दोन तासांवरच्या एका गावातल्या क्लबने हॉकी जिम्नॅशियमसाठी, म्हणजे नववीनंतरच्या तीन वर्षांच्या शिक्षणासोबतच्या हॉकीसाठी, चाचणीला बोलावलं. ह्यांचं म्हणणं, आता खेळ पुरे, नॅचरल सायन्स घेऊन अभ्यासाला लागावं. मुलगा गप्प असतो. तो खरंच प्रोफेशनल फॉरवर्ड होऊ शकेल का? आपल्या नावाच्या, आपल्या रंगाच्या मुलाचा तिथे निभाव लागेल का? आणि नाही जमलं तर त्याची वर्षं फुकट जातील ना? — एक आई

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, पण मी तिथेच थांबले. नोव्हेंबर.

टीव्ही-पुकेन ही नववीच्या वयाच्या मुलांची जिल्हावार स्पर्धा 1959पासून चालू आहे. तिथे निवड झाली की घरात पेढे वाटावेत इतका तिचा मान, हे मला ठाऊक आहे. पण संघ निवडला जातो जन्मवर्षावर. जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि तुमचा मुलगा एकाच रांगेत उभे राहतात आणि मधलं अंतर असतं दहा महिन्यांचं. चौदाव्या-पंधराव्या वर्षी दहा महिने म्हणजे कधीकधी अर्धी वीत उंची आणि दहा किलो वजन. फॉरवर्डला तर हे फारच बाधतं. त्याला रिंकच्या कडेच्या भिंतीजवळच्या धक्काबुक्कीतून पक, म्हणजे खेळाची चकती, काढायचा असतो, गोलरक्षकाच्या समोर पाय रोवून उभं राहायचं असतं. थोराड मुलगा तिथे उठून दिसतो. मग त्याला बर्फावर जास्त वेळ मिळतो, प्रतिस्पर्धी एका खेळाडूने कमी असताना, म्हणजे पॉवरप्लेमध्ये, तोच उतरतो, आणि वर्षभरात तो खरोखरच पुढे जातो. निवड समितीचा हेतू वाईट नसतो. त्यांना समोर जे दिसतं ते ते निवडतात.

आता तुमच्याच गावातून खेळलेला एक मुलगा. डॅनियल आल्फ्रेडसन, जन्म 11 डिसेंबर 1972, राइट विंगर. एकोणीस वर्षांचा होईपर्यंत तो मोल्नडालच्या संघातून खालच्या विभागात खेळत होता. 1992मध्ये तो गोथेनबर्गच्या फ्रलुंडा या क्लबात गेला. 1994च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल या अमेरिका-कॅनडाच्या सर्वोच्च लीगमधले संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, ओटावाच्या संघाने त्याला सहाव्या फेरीत, 133व्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, म्हणजे बरोबरीची नावाजलेली मुलं तीन वर्षं आधीच निवडली गेली होती. 1996मध्ये तो एनएचएलचा सर्वोत्तम नवोदित ठरला. 1999 ते 2013 ओटावाचा कर्णधार. 2004-05चा एनएचएल हंगाम संघमालकांच्या टाळेबंदीने बुडाला तेव्हा तो घरी परतला, फ्रलुंडाकडून खेळला आणि 2005चं स्वीडिश विजेतेपद जिंकला. पुढच्या वर्षी टुरिनला ऑलिंपिक सुवर्ण. 1,246 सामने, 444 गोल, आणि 2022मध्ये हॉल ऑफ फेम. दुसरा स्वीडिश फॉरवर्ड हेन्रिक झेटरबर्ग, त्याचा जन्म ऑक्टोबरातला; 1999च्या ड्राफ्टमध्ये तो 210वा होता आणि 2008च्या स्टॅन्ली कपमध्ये, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदासाठीच्या प्लेऑफमध्ये, सर्वोत्तम खेळाडू.

ही उदाहरणं देताना मला भीतीही वाटते, कारण आईबाप त्यातून ‘आमचाही होईल’ एवढंच ऐकतात. तसं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की या वर्षीच्या यादीत नाव नाही यावरून काहीही ठरत नाही. ना हो, ना नाही.

आणि आता कठीण भाग. स्वीडनच्या सर्वोच्च लीगमध्ये, एसएचएलमध्ये, 14 संघ. एका सामन्यात साधारण बारा-तेरा फॉरवर्ड उतरतात. म्हणजे साऱ्या देशात जेमतेम पावणेदोनशे जागा. त्यांतल्या बऱ्याच फिनिश, कॅनेडियन, अमेरिकन खेळाडूंकडे असतात, आणि एकदा बसलेला चांगला विंगर दहा-बारा वर्षं उठत नाही. त्याखाली हॉकीआल्स्वेन्स्कान, तिथे खेळावर घर चालतं पण हात राखूनच. त्याखाली हॉकीएट्टन, जिथे बहुतेक मुलं नोकरी किंवा शिक्षण सांभाळून सराव करतात. प्रोफेशनल हॉकीपटू म्हणजे एनएचएल असं चित्र घरात असेल तर ते बदला. बहुतेकांचं आयुष्य असं असतं: एक-दोन वर्षांचा करार, वसंतात तो संपला की नवा क्लब, नवं गाव, मग कदाचित जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क. सप्टेंबर ते मार्च लीगचे 52 सामने, त्यावर प्लेऑफ, आणि उन्हाळाभर बर्फाविना मेहनत. हे आयुष्य अनेकांना मनापासून आवडतं. पण ते आवडावं लागतं.

शरीराचं म्हणाल तर झेटरबर्गला पाठीच्या दुखण्यामुळे 2018मध्ये, करार शिल्लक असताना थांबावं लागलं. आणखी एक स्वीडिश फॉरवर्ड, गॅब्रिएल लांडेस्कोग, एनएचएलमधल्या कोलोरॅडोचा कर्णधार म्हणून 2022चा स्टॅन्ली कप जिंकला आणि गुडघ्यापायी पुढचे तीन हंगाम लीगचा एकही सामना खेळू शकला नाही. परतला तो 2025च्या प्लेऑफमध्ये. ही तर वरच्या दर्जाची, उत्तम डॉक्टर हाताशी असलेली माणसं.

म्हणून माझं स्पष्ट मत लिहिते. ‘हॉकी की अभ्यास’ हा प्रश्न तुम्ही सांगलीच्या मापाने विचारताय, आणि तुमचा मुलगा सांगलीत वाढत नाही. आपल्याकडे बारावीनंतर एक वर्ष गेलं तरी घरात सुतक पडल्यासारखं होतं, कारण सीईटी, प्रवेश, वय, सगळं एका दोरीत ओवलेलं असतं. स्वीडनमध्ये बावीस-पंचविसाव्या वर्षी विद्यापीठात पहिलं पाऊल टाकणारे कितीतरी असतात. कायम निवास असलेल्यांना शिक्षणशुल्क नाही, राहून गेलेले विषय कोमवुक्समध्ये, म्हणजे प्रौढांच्या शाळेत, पूर्ण करता येतात. चोविसाव्या वर्षी हॉकी सोडून गोथेनबर्गच्या शाल्मर्स तंत्रविद्यापीठात इंजिनिअरिंगला बसलेला मुलगा तिथे कुणाला मागे पडलेला वाटत नाही. तुमच्या ह्यांना हे शांतपणे सांगा. त्यांची भीती खोटी नाही, ती दुसऱ्या जागेची आहे.

मात्र या सोयीला एक अट आहे, आणि सगळी सावधगिरी तिथे खर्च करा. हॉकी जिम्नॅशियम म्हणजे वेगळी शाळा नव्हे. एनआययू, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा-शिक्षणाची, मान्यता असलेल्या शाळेत क्रीडा हा विषय नेहमीच्या अभ्यासक्रमाला जोडलेला असतो. तो अभ्यासक्रम कोणता, हा खरा प्रश्न. काही ठिकाणी खेळाडूंना सरावाच्या वेळेत बसेल असा सोपा अभ्यासक्रम सुचवला जातो. तो घेऊन गणित, भौतिक, रसायन सुटलं तर सिव्हिलइंजेनियरचा, म्हणजे तिथल्या पाच वर्षांच्या इंजिनिअरिंग पदवीचा, दरवाजा बंद होतो, आणि तो पुन्हा उघडायला वर्ष-दीड वर्ष जातं. त्या क्लबच्या शाळेत नॅचरल सायन्स किंवा टेक्निक, म्हणजे तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम, हॉकीसोबत खरोखर घेता येतं का, सकाळच्या बर्फावरच्या सरावात बुडालेले प्रयोगाचे तास कसे भरून काढतात, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर त्या गावाला जाऊ नका. गोथेनबर्ग परिसरातही हॉकीसह शिकता येतं. घरी राहून, आईच्या हातचं जेवून सोळाव्या वर्षी खेळणं हे काही कमीपणाचं नाही. उत्तर पक्कं आलं, राहण्याची सोय तुम्ही डोळ्यांनी पाहिली, संध्याकाळी मुलांवर लक्ष ठेवणारं जबाबदार माणूस आहे असं दिसलं, तर खुशाल पाठवा.

रंगानावाबद्दल. मिका झिबानेजाद स्टॉकहोमजवळच्या हुडिंगेचा, वडील इराणी, आई फिनिश. 2012च्या ज्युनियर विश्वस्पर्धेच्या अंतिम सामन्यात रशियाविरुद्धचा एकमेव गोल, तोही ओव्हरटाइममध्ये, त्याचा होता. स्वीडनला ते सुवर्ण 31 वर्षांनी मिळालं. वाट आहे. पण रिंकवर किंवा कपडे बदलण्याच्या खोलीत कुणी टोचून बोललं तर क्लब काय करतो, हेही चाचणीच्या दिवशीच विचारा, संकोच करू नका.

पासपोर्टची घाई नको. क्लबकडून खेळायला कायम निवास पुरतो. ट्रे क्रूनोर म्हणजे राष्ट्रीय संघासाठी नागरिकत्व लागतं आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तेव्हा ती वेळ आली तर ओसीआयची, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाची, माहिती काढून सगळ्यांनी बसून ठरवा.

राहता राहिला मुलाचा अबोला. तुमच्या दोन पानी पत्रात निवड समितीचं म्हणणं आहे, ह्यांचं आहे, तुमचं आहे. त्याचं एक वाक्य नाही. यादीत नाव नसल्याचं दुःख त्याला आहे आणि वर घरात आपल्यामुळे वाद चाललाय हे तो ऐकतोय. चाचणीला जाताना गाडीत त्याला एकच विचारा: समजा एसएचएल कधीच नाही, हॉकीएट्टनपर्यंतच पोचशील असं आज कुणी लिहून दिलं, तर पुढची तीन वर्षं पहाटे साडेपाचला उठशील का? उत्तराची घाई करू नका, जाऊन-येऊन चार तासांचा रस्ता आहे. क्लबला विचारायचे प्रश्नही त्यालाच विचारू द्या, तुम्ही दोघं शेजारी बसा. परत आल्यावर मला लिहा, आणि या वेळी अर्धं पत्र त्याच्या हातचं असू द्या. मराठीत लिहायला अडखळला तर स्वीडिशमध्ये लिहू दे, मी कुणाकडून तरी वाचून घेईन.