अविकसित, विकसनशील आणि बागेतला खुंट

एमपीएससी करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की अविकसित, अल्पविकसित आणि विकसनशील यात फरक काय, गरीब देशांना नेमकं कुठलं लावायचं. आधी एक सांगतो, 'विकसीत' लिहू नका, सि ऱ्हस्व आहे, सांगलीत निम्म्या फ्लेक्सवर दीर्घ असतो आणि दर वेळी डोक्यात जातो. अ म्हणजे नाही, अल्प म्हणजे थोडं, ते तुम्हाला माहितीच आहे.

विकसनशील मात्र साधा शब्द नाही. वि आणि कस्, मूळ अर्थ उमलणं, आणि 'शील' लागलं की तो त्याचा स्वभावच, जसा सहनशील. म्हणजे देश ही कळी, आज ना उद्या आपसूक उमलणार. हे बोलताना आपण अर्थतज्ज्ञांच्या भांडणात एका पार्टीची बाजू घेतलेली असते. रोस्टो या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1960 ला हेच मांडलं, 5 पायऱ्या, सगळे देश त्याच जिन्याने वर जाणार, कोण आधी कोण मागून.

आंद्रे गुंडर फ्रँक हा दुसरा अर्थतज्ज्ञ 1966 ला म्हणाला, साफ चूक. आजचे श्रीमंत देश पूर्वी अनडेव्हलप्ड, म्हणजे अविकसित, असतील, पण अंडरडेव्हलप्ड कधीच नव्हते, ती अवस्था श्रीमंतांशी आलेल्या संबंधातूनच तयार झाली. आता हे मराठीत सांगा बघू! पाठ्यपुस्तकवाले अल्पविकसित म्हणून मोकळे होतात. अहो, 'अल्प' हे माप झालं, कुणी केलं ते त्यात कुठंय?

आपल्याकडं शब्द आहे, खुंटणे. प्राकृतात खुंट, म्हणजे तोडल्यावर राहिलेला बुंधा, खुंटा आणि खुंटी त्याच घरातले. काही विद्वान हा संस्कृत कुंठित वरून काढतात, मला अजिबात पटत नाही, कुंठ म्हणजे बोथट, बोथट विळ्याचा आणि तोडलेल्या झाडाचा काय संबंध? त्यांनी एकदा तासगावच्या द्राक्षबागेत जावं. तिथं आधी डॉगरिज या जंगली द्राक्षवेलीचं रोप लावतात, त्याला खुंटच म्हणतात. ते जोमात आलं की वरनं कापायचं, चिरेत थॉमसन नाहीतर तास-ए-गणेश या खायच्या द्राक्षांची काडी बसवायची, पट्टी गुंडाळायची. नंतर खुंटाला स्वतःची फूट आली की लगेच खुडून टाकायची. मुळं खुंटाची, पाणी तोच ओढतो, घड दुसऱ्याचे. खुंट स्वभावानं खुजा नाही हो, त्याला वाढू दिलेलं नाही!

फ्रँकचं म्हणणं याहून नेमकं कसं सांगणार? दादाभाई नौरोजींनी इथली संपत्ती इंग्लंडला वाहून जाते हे फ्रँकच्या कितीतरी आधी मांडलं, 1901 चं त्यांचं पुस्तक त्यावरच आहे. अर्जेंटिनाचा अर्थतज्ज्ञ प्रेबिशनं 1950 च्या सुमारास तिसरी गोष्ट दाखवली, कच्चा माल विकून यंत्रं घेणाऱ्याला दीर्घकाळात तेवढ्याच यंत्रासाठी जास्त जास्त माल द्यावा लागतो. बेदाणा विकून ट्रॅक्टर घेणाऱ्याला हे शिकवायला नको.

रोस्टोवाले लगेच दक्षिण कोरिया दाखवतात, बघा चढला की जिना. पण कोरियानं आधी आयातीला कुंपण घालून स्वतःचे कारखाने मोठे केले, म्हणजे आपली फूट खुडू दिली नाही, हे मधलं ते गाळतात.

तर ताई, पेपरात अल्पविकसितच लिहा, मार्क त्यालाच आहेत. पण निबंधात फ्रँक आला तर 'खुंटवलेले देश' लिहा, खुंटलेले नको, सगळं भांडण त्या 'व' मध्ये आहे.