फळा दिसत नाही म्हणून शाळा बदलायची का?

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. त्याला अल्पदृष्टी असून प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्वाची नोंद आहे. वर्ग त्याला झेपणार नाही, त्याला अंध विद्यालयात घाला, असे मुख्याध्यापिका म्हणतात. काय करावे? (एक आई, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : ताई, शाळा कोणती हे तुम्ही ठरवायचे आहे, मुख्याध्यापिकांनी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि शासनमान्य शाळेला त्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करावीच लागते.

ही सोय बहुधा खर्चिक नसते. नागपूरच्या उन्हाळी सकाळी खिडकीतून येणारी तिरीप फळ्यावर पडली, की पुढच्या बाकावरच्या अल्पदृष्टीच्या मुलालाही नुसता पांढरा झगमगाट दिसतो. तिथे एक जाड पडदा लावावा आणि बाईंनी लिहिता लिहिता प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारावा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. ‘हे बघा’ म्हणून फळ्याकडे बोट दाखवणे मात्र त्याच्या काहीच कामाचे नाही. ठळक रेघांची वही आणि पुस्तक डोळ्यांजवळ आणणारा उतरता स्टँडही उपयोगी पडेल. परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांची तरतूद कायद्यातच आहे.

मागणी लेखी द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे त्याच अर्जाची प्रत घेऊन जा.