आधी सगळे पेपर की आधी नोकरी?

सांगलीकडची एक मुलगी वडिलांना घेऊन करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आली होती. संख्याशास्त्रात बी.एस्सी., ॲक्च्युअरीचे, म्हणजे विमा-पेन्शनसारख्या पुढे द्यायच्या रकमांचा हिशोब मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या परीक्षेचे, तीन पेपर सुटलेले (संख्याशास्त्राचा सीएस१, वित्ताचा सीबी१, अर्थशास्त्राचा सीबी२), ॲक्च्युअरियल गणिताचा सीएम१ एकदा गेलेला. हातात मुंबईतल्या एका ॲक्च्युअरियल सल्लागार कंपनीचं ऑफर लेटर आणि उत्तर द्यायला आठवडाभराची मुदत.

वडील म्हणाले, "मॅडम, दोन वर्षं घरी बसून सगळे पेपर काढू दे तिला. एकदा पगार हातात आला की अभ्यास सुटतो. पोरगी अर्धवट राहील."

ही काळजी घेऊन पालक माझ्याकडे निकालानंतर हमखास येतात आणि ती अजिबात बिनबुडाची नाही. नोकरीत अडकून तिसऱ्या-चौथ्या पेपरवरच थांबलेली मुलं मी पाहिली आहेत. पण 'सगळे पेपर' म्हणजे काय हे आधी नीट पाहायला हवं. या परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या वाटेवर आधी कोअर म्हणजे पायाभूत पेपर, मग प्रत्यक्ष कामाशी जोडलेले सीपी, त्यानंतर निवडलेल्या शाखांचे दोन एसपी आणि शेवटी त्याहून वरच्या पातळीचा एक एसए. परीक्षेच्या फेऱ्या वर्षातून दोन. पहिल्याच झटक्यात सगळं सुटणारे फार थोडे. त्यामुळे दोन वर्षांचा हिशोब कागदावरही बसत नव्हता. शिवाय फेलो, म्हणजे पूर्ण पात्रतेचा ॲक्च्युअरी, व्हायला प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतोच. ब्रिटनमध्ये तर पदवीधर आधी कंपनीत रुजू होतात आणि नोकरी करत परीक्षा देतात, तीच तिथली रूढ वाट आहे. वडिलांनी सीएचं उदाहरण काढलं, तेव्हा मी त्यांना आर्टिकलशिपची आठवण करून दिली. सीए होणारी मुलंही काही वर्षं कुणाच्या तरी ऑफिसात राबतातच.

आणखी एक अडचण पालकांना सहसा ठाऊक नसते. आठ पेपर झालेत पण अनुभव शून्य, अशा उमेदवाराला नोकरी मिळणं सोपं होत नाही. पेपरच्या मानाने पगार द्यायचा, पण काम मात्र नवशिक्याचंच द्यावं लागणार, म्हणून कंपन्या कचरतात.

मुलगी इतका वेळ गप्प होती. मी तिच्याकडे वळले, तेव्हा वेगळंच बाहेर आलं. मुलाखतीत तिला सांगितलं होतं की पहिलं वर्षभर मुख्यतः कर्मचाऱ्यांचा डेटा तपासायचा आणि ग्रॅच्युइटीची मूल्यांकनं करायची. "एवढं संख्याशास्त्र शिकून एक्सेलमध्ये जन्मतारखा बघत बसायचं का?" असं ती म्हणाली. त्यात सीएम१ गेल्याची बोच होतीच. आपण या क्षेत्राच्या लायकच नाही, म्हणून असलं काम वाट्याला आलंय, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

वडील साखर कारखान्याच्या हिशोब खात्यात आहेत हे फॉर्मवर दिसत होतं. मी त्यांनाच विचारलं, "ताळेबंदातला ग्रॅच्युइटीचा आकडा तुमच्याकडे कुठून येतो?" ते म्हणाले, "ॲक्च्युअरीच्या सर्टिफिकेटवरून. ऑडिटर त्याशिवाय पुढे जात नाहीत. डेटा आम्हीच पाठवतो की." तो डेटा समोरच्या ऑफिसात कोण उघडतं, हे त्या क्षणी दोघांनाही उमगलं असावं. कारण मग पुढची पंधरा मिनिटं मला फारसं बोलावंच लागलं नाही. वडीलच मुलीला सांगत होते की हंगामी कामगारांच्या नेमणुकीच्या तारखा कशा चुकतात, एकच माणूस दोन क्रमांकांवर कसा येतो.

तेवढ्यात मी एक गणित मांडलं. ग्रॅच्युइटीचं सूत्र सगळ्यांना माहीत असतं: शेवटचं वेतन (मुख्यतः मूळ पगार आणि महागाई भत्ता) गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. २६,००० रुपये पगार आणि २० वर्षं सेवा म्हणजे ३ लाख. ॲक्च्युअरीचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. हे तीन लाख रुपये आजपासून २० वर्षांनी द्यायचे असतील, तर आज किती धरायचे? ७ टक्के दराने साधारण ७७,५०० रुपये, ६ टक्क्यांनी साधारण ९३,५००. दर फक्त एका टक्क्याने हलला आणि आकडा १६,००० रुपयांनी फुगला. शिवाय माणूस मध्येच नोकरी सोडेल, पगार वाढेल, कदाचित मृत्यू येईल. या सगळ्या शक्यता धरायच्या आणि दर सरकारी रोख्यांच्या परताव्यावरून ठरवायचा. यात पुढे द्यायच्या रकमेची आजची किंमत काढणं आणि मृत्युदराचा तक्ता वापरणं हे दोन्ही सीएम१चेच विषय.

म्हणून मी तिला कळकळीने सांगितलं की डेटा तपासण्याच्या कामाला कमी लेखू नकोस. गेल्या वर्षीची माणसं, अधिक नवे आलेले, वजा सोडून गेलेले, आणि उत्तर यंदाच्या यादीशी जुळलंच पाहिजे. नाही जुळलं तर खाली केलेलं सगळं सुंदर गणित फुकट. ज्याला हे जमतं, त्यालाच पुढे 'यंदा देणं का वाढलं' हे ग्राहकाला समजावून सांगता येतं आणि सल्लागार म्हणून त्याची किंमत तिथेच असते. नापास झालेल्या पेपरबद्दल म्हणाल तर फेलो झालेल्या बहुतेकांच्या मागे असा एखादा पेपर असतोच.

अभ्यास सुटण्याची वडिलांची भीती मात्र मला खरी वाटत होती, त्यामुळे होकार कळवण्याआधी कंपनीला काय विचारायचं ते आम्ही तिघांनी मिळून लिहिलं. परीक्षेची रजा किती, फी कोण भरतं, तपासणारा वरिष्ठ कोण, बाँड आहे का, वर्षभरानंतर विमा कंपन्यांच्या कामावर बदली मिळू शकते का. ३१ मार्चच्या ताळेबंदांमुळे एप्रिल-मे या कामात श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून उन्हाळ्याच्या फेरीला हात न लावता वर्षअखेरच्या फेरीत फक्त सीएम१ द्यायचा असं ठरलं. कंपनीने रजा आणि फी दोन्हींना हो म्हटलं. ती रुजू झाली.

याच प्रश्नाचं उलट उत्तरही मी देते. एक मुलगा फक्त प्रवेशपरीक्षा सुटल्यावर, 'ॲक्च्युअरियल' हे नाव लावलेल्या पण निव्वळ डेटा भरण्याच्या कामावर जायला निघाला होता. तिथे सही करणारा ॲक्च्युअरी नव्हता, अभ्यासाची रजा नव्हती, वर बाँड. त्याला मी थांबायला सांगितलं. आधी सीएस१ आणि सीएम१ दे, 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा आणि एक्सेल यांवर हात बसव, मग अर्ज कर.