दुसऱ्या क्लबने बोलावलंय, पण पहिला करार संपलाय का?

पुण्यातल्या एका फुटबॉल कोचचं पत्र आलं आहे. बरीच वर्षं ते एकाच क्लबकडे आहेत. शेवटचा लेखी करार 1 जून 2024 ते 31 मे 2026 असा. त्याच लीगमधल्या दुसऱ्या क्लबने दीडपट पगार देऊ केला, 1 जुलैपासून या म्हणाले, यांनी होकार कळवला. त्यावर जुन्या क्लबच्या वकिलाची नोटीस आली: करार चालूच आहे, तिकडे गेलात तर कोर्टातून मनाई आणू आणि वर पाच लाख वसूल करू. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अध्यक्षांनी यांना 'गद्दार' म्हटलं, ते यांना नोटिशीपेक्षा जास्त लागलं आहे. पत्राचा शेवट असा: "युरोपात एवढे मोठे मॅनेजर प्रतिस्पर्धी क्लबकडे जातात. मग मीच बेइमान कसा?"

अशी पत्रं पोहणं शिकवणाऱ्यांची येतात, जिममधल्या ट्रेनरची येतात, अकरावी-बारावीच्या क्लासमधल्या सरांची तर दर उन्हाळ्यात येतात. 'भारतात असली बंधनं कोर्टात टिकत नाहीत' एवढं सगळ्यांनी कुठूनतरी ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यात माणसं अडकतात.

सर, तुम्ही पाठवलेल्या करारातली अट क्र. 11 काढा. मुदत संपण्याच्या किमान साठ दिवस आधी कोणत्याही पक्षाने लेखी आणि पोचपावतीसह नोटीस दिली नाही, तर करार त्याच अटींवर आणखी दोन वर्षांसाठी वाढला असं समजलं जाईल, असं तिथे लिहिलं आहे. 31 मेच्या साठ दिवस आधी म्हणजे 1 एप्रिल. 'पुढच्या सीझनला मी नाही' हे तुम्ही सेक्रेटरींना कळवलंत 14 एप्रिलला, तेही व्हॉइस मेसेज करून. म्हणजे तेरा दिवस उशिरा, आणि लेखी तर नाहीच. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात या अटीचा साधा उल्लेख नाही. कागद दोन वर्षं तुमच्या घरात होता. मुलांना ऑफसाइडची रेषा डोळ्यांत तेल घालून बघायला शिकवणारा माणूस स्वतःच्या पोटापाण्याच्या कागदावरची तारीख बघत नाही, याचा मला मनापासून राग येतो. कारण याची किंमत तुम्हीच मोजणार आहात.

ही तारीख इतकी महत्त्वाची का, ते सांगतो. अट क्र. 14 म्हणते की करार चालू असताना आणि संपल्यावर एक वर्ष तुम्ही पुणे जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही क्लबला कोचिंग द्यायचं नाही. यातलं 'संपल्यावर एक वर्ष' हे कोर्टात उभं राहत नाही. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 27 सांगतं की कोणाला आपला धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. खेळाच्याच क्षेत्रातलं उदाहरण आहे. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान. 2000 साली त्याने एका व्यवस्थापन कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता. मुदत संपल्यावरही दुसऱ्याचा प्रस्ताव आला तर आधी आम्हाला दाखवायचा, आम्ही तेवढेच पैसे देऊ केले तर आमच्याकडेच राहायचं, अशी त्यात अट होती. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये सांगितलं की मुदतीनंतर ही अट चालणार नाही.

पण मुदत चालू असेल तर चित्र उलटं होतं. कल्याणच्या एका कारखान्यात टायरकॉर्ड विभागात गोलिकरी नावाचे शिफ्ट सुपरवायझर होते. करार पाच वर्षांचा, 1963 ते 1968. ते मधूनच सोडून जास्त पगारावर कोट्याच्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. कारखाना चालवणाऱ्या सेंच्युरी स्पिनिंग कंपनीने दावा लावला आणि 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाई कायम केली: पाच वर्षं पुरी होईपर्यंत तसलं काम दुसरीकडे करायचं नाही. हा निकाल आजही रोज दाखवला जातो. तुमच्या क्लबच्या वकिलाने नोटिशीत त्याचं नाव घेतलंय ते उगीच नाही.

म्हणजे अट क्र. 11 मुळे करार वाढला असेल तर तुम्ही गोलिकरींच्या जागी आहात. वाढला नसेल तर झहीर खानच्या. बाकी सगळं त्यावर ठरणार.

कोर्ट तुम्हाला जुन्या क्लबच्या मैदानावर जबरदस्तीने उभं करू शकत नाही, ही भीती मात्र सोडा. माणसाच्या अंगच्या कौशल्यावर उभा असलेला करार विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 14 नुसार जबरीने पुरा करून घेता येत नाही. पण त्याच कायद्याचं कलम 42 'तिकडे काम करू नकोस' असं म्हणायला कोर्टाला मोकळीक देतं. तुम्हाला घरी बसवायला तेवढं पुरतं.

तुम्ही म्हणता, गप्प राहिलो म्हणजे संमती दिली असं होत नाही. एरवी नाही होत. पण गप्प राहिलो तर वाढवा, हे तुम्ही सहीनिशी आधीच मान्य केलं आहे, त्यामुळे या युक्तिवादावर मी फार भिस्त ठेवणार नाही. करार साध्या कागदावर आहे, स्टॅम्प नाही, यावरही नको. स्टॅम्पची उणीव दंडासकट शुल्क भरून दूर करता येते.

मला दोन जागा दिसतात. पहिली म्हणजे त्या व्हॉइस मेसेजला सेक्रेटरींनी काय उत्तर दिलं? ते तुम्ही लिहिलंच नाहीत. 'ठीक आहे सर, आम्ही दुसरा कोच बघतो' अशा अर्थाचं काही असेल, किंवा मे महिन्यात क्लबने नव्या कोचसाठी कुठे जाहिरात टाकली असेल, तर उशिरा आलेली नोटीस क्लबने चालवून घेतली असं म्हणता येईल. 'बघू, अध्यक्षांशी बोलतो' एवढंच असेल तर त्यात फारसा दम नाही. काहीही असलं तरी तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट डिलीट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय हे मेसेज पुराव्यात घेताना अडचण येते, आणि ते प्रमाणपत्र मूळ फोन हातात असला की सोपं जातं.

दुसरी जागा तुमच्या पत्राच्या ताज्या कलमात आहे, तेही जाता जाता लिहिलेली: एप्रिल आणि मेचा पगार अजून आलेला नाही. करारानुसार पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत द्यायचा. म्हणजे 7 जून उलटल्यावर क्लब दोन महिन्यांचा थकबाकीदार झाला. ज्याने स्वतः करार पाळला नाही त्याला तो दुसऱ्याकडून पाळून घ्यायला कोर्टात जाणं जड जातं. मनाई मागणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ हवेत. कोचच्या करारांसाठी फिफाने 2021 पासून जे नियम लागू केले त्यांत असं आहे की दोन पगार थकले, कोचने लेखी कळवून किमान पंधरा दिवसांची मुदत दिली आणि तरी पैसे आले नाहीत, तर त्याला करार सोडायला रास्त कारण मिळतं. ते नियम पुण्यातला क्लब आणि पुण्यातला कोच यांच्या वादाला थेट लागू होतीलच असं नाही. पण क्लबने काय करायला हवं होतं हे कोर्टाला दाखवायला याहून चांगली मोजपट्टी मला माहीत नाही.

म्हणून थकलेल्या पगाराची नोटीस या आठवड्यात गेलीच पाहिजे. स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, आणि ईमेलनेही. त्यात या गोष्टी: किती पगार कधीपासून थकला आहे, पंधरा दिवसांत द्या, न दिल्यास मी करार संपुष्टात आणीन, आणि करार वाढलाच नाही ही माझी भूमिका मी सोडत नाही. हे शेवटचं वाक्य विसरू नका, नाहीतर तुमच्याच नोटिशीवरून तुम्ही करार वाढल्याचं कबूल केलंत असं म्हटलं जाईल. क्लबने पंधरा दिवसांत पैसे भरले तर ही जागा बंद होईल, हेही आत्ताच सांगून ठेवतो. नोटीस पोचायला दोन-तीन दिवस धरले तर मुदत जूनअखेरीला संपते. आठवडा गेला तर 1 जुलै निघून जाईल आणि नवा क्लब दुसरा माणूस शोधेल.

जून उजाडल्यावरही तुम्ही प्रॅक्टिस घेत राहिलात, 'मुलांचं नुकसान नको' म्हणून. तुमचा हेतू मला पटतो. पण क्लबचा वकील हजेरीचं रजिस्टर दाखवून म्हणेल की करार वाढला हे यांनी वागण्यातून मान्य केलं. यापुढे जायचं असेल तर आधी लेखी कळवा की नवा कोच येईपर्यंत मुलांसाठी येतो आहे, वाढीव करार मला मान्य नाही.

आता कोर्टाचं. क्लबचा भरवसा निकालावर नाही, उशिरावर आहे. तात्पुरत्या मनाईचा अर्ज येतो, एखाद्या शुक्रवारी तुमच्या माघारी एकतर्फी हुकूम होतो, आणि मग तो उठवायला तुम्ही शिवाजीनगर कोर्टाचे जिने चढत बसता. अशा एकतर्फी हुकुमानंतर अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. प्रत्यक्षात समोरचा वकील तारीख मागतो, मग कोर्टावर कामाचा बोजा असतो, मग सुट्टी येते, तोवर पावसाळा सरून लीग अर्धी झालेली असते. नंतर तुमच्या बाजूने हुकूम झाला तरी गेलेला सीझन कोणी परत देत नाही. वर उच्च न्यायालयात जायचं तर पुणेकराला अजून मुंबईच गाठावी लागते. हे सगळं टाळायला कलम 148-अ खाली कॅव्हेट दाखल करा. मग तुम्हाला कळवल्याशिवाय हुकूम होत नाही. ते नव्वद दिवस चालतं, खर्च फार नाही. या प्रकारच्या भांडणात याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण तो एकतर्फी हुकूम झाल्यावर विचारतात.

पाच लाखांचं ओझं मनावर घेऊ नका. करारात आकडा लिहिला म्हणजे तेवढा वसूल होतो असं नाही. करार कायद्याच्या कलम 74 नुसार तो आकडा ही वरची मर्यादा. त्याच्या आत वाजवी भरपाई किती, हे कोर्ट ठरवतं. तुमच्या कोचिंगच्या बी लायसन्स कोर्सची फी क्लबने भरली होती, तेवढी मात्र ते नेटाने मागतील. विजया बँकेच्या प्रकरणात 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं नोकरी न केल्यास दोन लाख द्यायची अट ग्राह्य धरली, हे विसरू नका. फीच्या पावत्या काढून ठेवा आणि तेवढी रक्कम देण्याची तयारी ठेवा. वाद अध्यक्षांनीच लवादाप्रमाणे सोडवायचा, ही अट क्र. 19 मात्र टिकेल असं वाटत नाही. वादात स्वतःचा हितसंबंध असलेला माणूस लवाद होऊ शकत नाही.

युरोपाबद्दल. तिथले मॅनेजर करार बाजूला सारून जात नाहीत. रुबेन अमोरिम 2024 च्या नोव्हेंबरमध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंगमधून मँचेस्टर युनायटेडला गेले, तेव्हा करारातच लिहिलेली एक कोटी युरोची रक्कम होती आणि वर नोटीसचा कालावधीही. युनायटेडने जास्तीचे पैसे मोजून तो कमी करून घेतला. आपल्याकडे कोलकात्याला 2014 ची पहिली आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकून देणारे कोच हबास 2016 ला एफसी पुणे सिटीकडे आले, ते दोन सीझनच्या मधल्या काळात. मुदतीअखेर, वेळेवर कळवून गेलेल्या कोचला बेइमान म्हणायचा हक्क कुठल्याच अध्यक्षाला नाही. तुमचं जे चुकलं ते जाण्यात नाही, कळवण्यात आहे. अब्रूनुकसानीचा विचार सध्या सोडा, फक्त त्या ग्रुपचे स्क्रीनशॉट जपा.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. 'घरच्या अडचणीमुळे कोचिंग थांबवतो' असं लिहून सुटका करून घ्यायची आणि मग नव्या क्लबला जायचं, असा सल्ला कोणीतरी तुम्हाला दिला आहे. इंग्लंडमध्ये इयन डाउई यांनी 2006 ला हेच केलं. उत्तरेकडे कुटुंबाजवळ राहायचंय असं त्यांनी क्रिस्टल पॅलेसला सांगितलं, क्लबने दहा लाख पौंडांची भरपाई सोडून दिली, आणि आठ दिवसांत ते दक्षिण लंडनच्याच चार्लटनचे मॅनेजर झाले. 2007 मध्ये कोर्टाने निकाल दिला की त्यांनी क्लबला फसवलं. आपल्याकडेही फसवून मिळवलेली संमती रद्द करता येते, आणि एकदा कोर्टापुढे खोटेपणा उघडा पडला की थकलेल्या पगाराचं तुमचं खरं म्हणणंही कोणी मनावर घेत नाही. कुठे जाताय ते विचारलं तर खरं सांगा.

तुमचे दोन असिस्टंट आणि अंडर-15 ची मुलं बरोबर नेण्याचा विचारही आत्ता नको. पालकांना एक ओळही लिहू नका. नव्या क्लबला करार आणि जुन्या क्लबच्या वकिलाची नोटीस दोन्ही दाखवा. माहीत असून करार मोडायला लावला असा दावा त्यांच्यावरही होऊ शकतो, आणि तुम्ही लपवलंत हे त्यांना कोर्टात कळलं तर ते तुम्हाला एकटं सोडतील. तुमची लायसन्सची मूळ प्रमाणपत्रं क्लबने ठेवून घेतली आहेत, ती पगाराच्या नोटिशीतच परत मागा. ती तुमच्या नावाची आहेत, अडवून ठेवायचा त्यांना अधिकार नाही.

बँकेचं जानेवारीपासूनचं स्टेटमेंट, कराराचं प्रत्येक पान, सेक्रेटरींचं उत्तर आणि नव्या क्लबचं ऑफर लेटर घेऊन येत्या दोन दिवसांत एखाद्या वकिलाकडे जा. नोटीस आणि कॅव्हेट दोन्ही एकाच बैठकीत तयार होतात.