मोतीचा रुसवा

प्रिय ताई,

तुमचा ११ वर्षांचा मुलगा शिकारी जातीच्या पिल्लाला वासावरून माग काढायला आणि फेकलेली वस्तू तोंडात धरून आणायला शिकवतोय. घरातला ८ वर्षांचा कुत्रा मोती मात्र सारखा मध्ये घुसतो, वस्तू पळवतो. परवा तो जेवणाच्या भांड्यापाशी पिल्लावर गुरगुरला आणि घरात लघवीही करू लागलाय. ‘शिकवणं बंद करायला सांगू का?’ असं तुम्ही विचारलंय.

नका सांगू. पोराने एक काम मनापासून हाती घेतलंय. ते मोतीपायी सुटलं, तर तो राग मोतीवरच निघेल.

मोतीला पिल्लाचा मत्सर वाटतो, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. २०१४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ कुत्र्यांसमोर त्यांच्या मालकांना खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करायला लावले. मालक पुस्तक वाचत असताना जे कुत्रे शांत होते, त्यांतले बरेच तेव्हा मालकाला ढुशा देऊ लागले, मध्ये शिरू लागले. पण मला वाटतं, मोतीला पिल्लापेक्षा जास्त सलतोय तो मुलाचा हरवलेला वेळ. तोच त्याला परत मिळायला हवा.

शिकवणीआधी मुलाने १० मिनिटं फक्त मोतीला द्यावीत. जुन्या कापडाच्या घड्यांत खाऊ लपवून त्याला शोधायला लावावं. हुंगायचं काम मोतीलाही येतंच, आणि त्याने तो छान दमेल. मग त्याला चघळायला काहीतरी देऊन दुसऱ्या खोलीत ठेवा. बांधून समोर बसवू नका. दुसऱ्याचं कौतुक नुसतं बघत राहायचं, ही त्याला शिक्षाच होते. पिल्लाचं लक्ष तसंही एका वेळी ५-१० मिनिटांपलीकडे टिकत नाही, त्यामुळे मोतीला फार थांबावं लागणार नाही. नंतर दोघांना एकत्र फिरवा, पण दोन पट्टे दोन माणसांच्या हातात, मध्ये थोडं अंतर ठेवून.

गुरगुरल्यावर मोतीला तुमचे मिस्टर रागावतात, ते कृपा करून थांबवा. गुरगुरणं ही त्याची सूचना असते. ती दाबली, तर उद्या तो न गुरगुरताच चावेल. दोघांची भांडी वेगळ्या खोल्यांत ठेवा. अंग ताठ झालं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, ओठ वर गेला, की लगेच दोघांना लांब करा, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं. कुत्री भिडली तर मध्ये हात घालायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची, हे मुलाकडून पक्कं वदवून घ्या.

लघवीचं मात्र रुसव्यावर ढकलू नका. संसर्ग असू शकतो, आणि या वयात अचानक चिडचिड वाढली तर सांधेदुखीही असू शकते. या आठवड्यातच पशुवैद्यांना दाखवा. तपासणीत काही निघालं नाही आणि तरीही मोती पिल्लावर धावून जात राहिला, तर कुत्र्यांच्या वर्तनाची जाण असलेल्या प्रशिक्षकाला घरी बोलवा. तोवर मोठं माणूस जवळ नसताना दोघांना एका खोलीत ठेवू नका.